उलटी बादली

आमच्या बागेत कोणी बाहेरगावी निघालं की वाफ्याच्या कोपऱ्यातल्या खांबावर आपली बादली उलटी घालून जातं. मी इथे नाही, माझ्या झाडांना पाणी घाला, एवढाच तिचा अर्थ. ज्याला दिसेल तो जाता जाता झारीभर पाणी घालतो. परत आलेला माणूस स्वतःच्या हाताने बादली उतरवतो, “आलो बरं का” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो, आणि वाफ्यातलं पहिलं जे हाताला लागेल ते शेडमधल्या टेबलावर ठेवतो. ते पाणी घालणाऱ्याचं. कोणी घातलं हे विचारायचं नाही, टेबलावरून कोणी उचललं हे बघायचं नाही. आणि दुसऱ्याची बादली कधीही उतरवायची नाही.

आईने तिची बादली फेब्रुवारीत उलटी केली, खुब्याच्या ऑपरेशनला जाताना. मी गाडी सुरू ठेवून फाटकाशी थांबले होते. ती काठी टेकत आत गेली, परत आली, आणि सीटवर बसताना कण्हत म्हणाली, “टोमॅटो लाल व्हायच्या आत येते.”

ऑपरेशन चांगलं झालं. मग रक्ताची एक गुठळी फुप्फुसात गेली आणि आई परत आली नाही.

अंत्यविधीला बागेतले सगळे आले होते, नखांत माती घेऊन. मी त्यांच्याशी नीट बोलले. सँडविच कमी पडणार नाहीत याकडे लक्ष दिलं. लोक म्हणाले, नॉर्माच्या मुलीने, फिलिपाने, फार सांभाळून घेतलं. मी ग्रंथालयात काम करते. त्या आठवड्यांत दुःखावरची जेवढी पुस्तकं मिळाली तेवढी वाचून काढली. त्यामुळे पुढे जे घडलं ते घडत असताना त्याला काय काय नावं देता येतील हे मला माहीत होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

मार्चच्या शेवटी ग्लेनिसचा फोन आला. ग्लेनिस बागेची व्यवस्था बघते, आणि मला पिप म्हणते. ती शाळेत शिकवायची, आणि अजूनही शिकवते, फक्त समोर वर्ग नसतो.

“पिप, रागावू नकोस हं. नॉर्माच्या वाफ्याचं काय करायचं?”

“तू म्हणशील ते.”

“मी म्हणून काय होतंय! बादली अजून वर आहे. ती असताना कोणी हात लावायला तयार नाही. इस्टरनंतरच्या रविवारी आपलं श्रमदान आहे, त्या दिवशी ती उतरायला हवी. तू वाफा घेतलास तर तुझा. नाहीतर दिलमाया दोन वर्षं थांबलीय बिचारी.”

“मला बागकाम येत नाही, ग्लेनिस.”

“मग आम्हाला कुठे येतं? आम्ही सॉसेज खायला जमतो.”

बाग होबार्टच्या उत्तरेला, उतारावर आहे. पूर्वी तिथे म्हाताऱ्यांचं चेंडू घरंगळवायचं मैदान होतं. क्लब बंद पडला, हिरवळ उरली, ती खणून वाफे केले. वर डोंगर, खाली डर्वेंट नदी. मी गेले तेव्हा गवत पिवळं पडलं होतं. नाताळपासून म्हणण्यासारखा पाऊस नव्हता. आईच्या वाफ्यात वाळलेल्या काड्या असतील, त्या उपटायच्या, बादली उतरवायची आणि घरी जायचं, असं ठरवून मी हातमोजे घेऊन गेले होते. तिचेच, हिरवे, अंगठ्याशी फाटलेले.

वाफा ओला होता. काळा, भुसभुशीत. प्रत्येक टोमॅटोच्या बुंध्याभोवती सुबक गोल आळं होतं आणि आळ्यात पाणी नुकतंच जिरलेलं होतं. फळं लालबुंद होऊन फांद्या वाकल्या होत्या.

हे बागेतल्या लोकांनीच केलं असणार. मी आभार मानायला निघाले. शेडपाशी काझिक पाइप गुंडाळत बसला होता. लहानपणी बापाबरोबर पोलंडहून आलेला आणि सगळं आयुष्य धरणांच्या कामावर काढलेला हा म्हातारा आईचा शेजारी, म्हणजे त्याचा वाफा तिच्या वाफ्याला लागून.

“थँक यू, काझिक,” मी म्हणाले. “पाण्याबद्दल.”

“मला कशाला? माझे गुडघे बघितलेस? स्वतःच्या कोबीला पाणी घालताना देव आठवतो. ग्लेनिस घालते.”

ग्लेनिस कंपोस्टच्या ढिगामागून ओरडली, “मी नाही! मला वाटलं तू!”

“मी? नॉर्माला? ती माझ्या टोमॅटोंना गोट्या म्हणायची.”

दिलमाया नळाशी भांडी विसळत होती. भूतानहून नेपाळच्या छावणीत आणि तिथून इथे आलेली, पाठीला बाळ बांधून काम करणारी ही मुलगी सगळ्या बायकांना दिदी म्हणते. तिला स्वतःचा वाफा नव्हता. दुसऱ्यांच्या वाफ्यांत हात घालून ती दोन वर्षं थांबली होती.

“मी घातलं होतं, दिदी,” ती म्हणाली. “सुरुवातीला दोनतीनदा. मग कधीही आलं तरी ओलंच असायचं. मी म्हटलं, कोणीतरी माझ्याहून लवकर उठतंय.”

सगळे हसले. मग हसणं थांबलं आणि जो तो आपापल्या कामाकडे वळला. मी बादली तशीच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि मग रोज जाऊ लागले. ग्लेनिसला वाटलं मला बागेची गोडी लागली. तिने मला कामं लावून दिली: कंपोस्ट उलथायचं, वाटांवर लाकडाचा चुरा पसरायचा, गळणाऱ्या नळांचे वायसर बदलायचे. मी सगळं केलं. हाताला घट्टे पडले, भूक लागायला लागली. काझिक मला “आमची नवी मजूर” म्हणायचा आणि डब्यातला बडीशेपेचा पाव द्यायचा. पण मी तिथे का जात होते ते मला माहीत होतं. आईच्या वाफ्याला मी थेंबभर पाणी घालत नव्हते, आणि वाफा रोज ओला असे. वाटेवर मी स्वतः सारखा केलेला चुरा असे, त्यावर पाऊल नसे.

पाणी मुळाशी घातलेलं असायचं, पानं कोरडी. आई तसंच घालायची. खालची पिवळी पानं खुडून वाफ्याच्या कडेला ढीग केलेला असायचा. आई तसाच करायची. बादली वर आहे तोवर आई नुसती बाहेरगावी आहे, असं मी कोणाला म्हटलं नाही. पण रविवारी बादली उतरली की पाणी थांबेल हे मला कळत होतं, आणि ते थांबावं असं मला वाटत नव्हतं. दिलमाया समोरून बाळाला थोपटत जायची तेव्हा मी मान खाली घालून चुरा पसरायची.

इथे इस्टरच्या सुमाराला थंडी सुरू होते; त्याच्या आधीच पहिलं दव गोठलं. सकाळी सगळे वाफे पांढरे झाले होते. काझिकची कोबी साखरेत घोळल्यासारखी दिसत होती. आईच्या वाफ्यातून वाफ निघत होती. मी हात लावला. माती कोमट होती, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

दिलमाया शेजारी येऊन उकिडवी बसली. चिमूटभर माती उचलून तिने नाकाशी नेली.

“दिदी, हे नळाचं पाणी नाही.”

“मग?”

“वास घे ना.”

गाळाचा वास होता. ओहोटीच्या वेळी डर्वेंटच्या काठावर जो येतो तो. दिलमायाने हात झटकला, पुन्हा झटकला, मग कपड्याला पुसला. बाळाला पाठीवरून पुढे घेतलं.

“मला हा वाफा मिळाला नाही तरी चालेल,” ती म्हणाली. “खरंच. दुसरा निघेल कधीतरी.”

त्या दिवशी मी चूक केली. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणारही नाही. मी सगळ्यात लाल टोमॅटो खुडून शेडमधल्या टेबलावर ठेवले, पाणी घालणाऱ्यासाठी. बादली खाली न घेता. परत आलेल्या माणसाने द्यायचं ते देणं मी न परतलेल्या माणसाच्या नावाने दिलं. मला एवढंच बघायचं होतं की कोणी घेतं का.

सकाळी टेबल रिकामं होतं. टोमॅटो वाफ्यात होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर, अर्धे मातीत पुरलेले, आणि प्रत्येकाभोवती आळं करून पाणी घातलेलं.

मी काझिकला बोलावलं. त्याने टोपी मागे सारून वाकून बघितलं.

“नॉर्मा असं करेल?” त्याने विचारलं.

“नाही.” आईने आयुष्यात फळ वाया घालवलं नव्हतं.

“मग नॉर्मा नाही.”

“मी तसं म्हटलंच नव्हतं.”

“तू म्हटलं नाहीस, पोरी. पण रोज सकाळी किती आशेचं तोंड करून येतेस ते दिसतं मला. मी म्हातारा आहे, आंधळा नाही.” तो वाफ्याच्या लाकडी कडेवर टेकू लागला, मग विचार बदलून उभाच राहिला. “बघ, बादली कुणाचं नाव घेऊन बोलावत नाही. ती म्हणते, कोणीतरी या आणि नॉर्माचं बघा. आम्ही दहा-पंधरा दिवस ऐकतो, मग माणूस परत येतो, झालं. ही किती दिवस ओरडतेय? दार उघडं टाकून ‘या, या’ करत बसलं की जो येईल तो आपला.”

“आणि तो काय करतोय?”

“काय करणार? सांगितलंय ते. नॉर्माचं बघतोय.” त्याने पुरलेल्या टोमॅटोंकडे हनुवटी केली. “त्याला काय पेरायचं नि काय खायचं ते कळत नाही एवढंच. बादली उतरव.”

“रविवारी उतरवायचीय.”

“आज उतरव.”

“रविवारी,” मी म्हणाले. माझा आवाज आईसारखा लागला, विषय संपवताना लागायचा तसा. काझिकने टोपी पुढे ओढली आणि तो आपल्या कोबीकडे गेला.

दोन दिवसांनी शेडमधल्या खिळ्यावरून आईचे हातमोजे नाहीसे झाले. ते वाफ्यात मिळाले, बोटं वर करून मनगटापर्यंत पुरलेले. आळ्यातलं पाणी अजून हलत होतं. मी ते उपटले नाहीत.

श्रमदानाच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी बागेत कोणी नव्हतं. ऊन होतं, पण त्यात धग नव्हती. चुऱ्याच्या गोण्या ओढून माझी पाठ भरून आली होती. मी बूट काढले आणि आईच्या वाफ्याच्या कडेवर बसून पाय मातीत सोडले. माती कोमट, मऊ. डोळा लागला.

मला झोपेत कोणीतरी थोपटत होतं. पायांवर, पोटऱ्यांवर. मातीचे हलके हलके थर, आणि प्रत्येक थरावर सगळीकडून सारखा पडणारा दाब. घाई नव्हती. कोमट पाणी बोटांमधून फिरलं. पांघरुणाच्या कडा अंगाखाली सारतात तसं काहीतरी माझ्या पायांभोवती सारलं गेलं, एकदा, पुन्हा एकदा, नीट झालं की नाही ते बघून तिसऱ्यांदा.

आई पांघरूण सारखं करणाऱ्यांतली नव्हती. थंडी वाजली की घेईल, म्हणायची. मला ताप आला की ती दारातून विचारायची, “काही हवंय का?” आणि नाही म्हटलं की जायची. तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मीही तशीच आहे. म्हणून मला झोपेतच कळलं की ही ती नाही. तिने मला इतकं कधी जपलं नव्हतं.

हे कळल्यावरही मी उठले नाही. डोळे मिटून तशीच बसून राहिले. कोणी कोणाला इतक्या काळजीने हात लावू शकतं हे मला माहीत नव्हतं, आणि ते संपू नये असं मला वाटत होतं.

शेवटी फाटक वाजलं म्हणून डोळे उघडले. वाटेवर कोणी नव्हतं. माझे पाय गुडघ्यापर्यंत मातीत होते. माती दाबून घट्ट केलेली होती, आणि माझ्याभोवती गोल, सुबक, पाण्याने भरलेलं आळं होतं. मी त्या ओळीत होते. टोमॅटो, हातमोजे, मी. जे जे नॉर्माचं.

पाय निघेनात. ओढले तर माती आणखी आवळल्यासारखी वाटली. रागाने नव्हे, वाऱ्यात हलणारं रोप धरून ठेवावं तशी. मी दोन्ही हातांनी उकरलं. खाली बोटांना काहीतरी केसांसारखं बारीक, पांढरं गुंडाळलेलं होतं. ते तुटताना दुखलं. मी बूट तिथेच टाकून अनवाणी गाडीपर्यंत पळाले.

शनिवारी मी घरी राहिले. पायाच्या बोटांवर बारीक लाल टिपके होते, टोचून घेतल्यासारखे. स्वयंपाकघरात फरशी गार होती. मी दिवसभर काही वाचलं नाही. संध्याकाळी एकदा गाडीची किल्ली हातात घेतली होती, बागेत जाऊन बसावं म्हणून. ती परत ठेवायला मला फार वेळ लागला.

रविवारी श्रमदानाला मी पोचले तेव्हा सगळे हजर होते. ग्लेनिस चिमटा घेऊन सॉसेज उलटत होती, दिलमायाने मोठ्या पातेल्यात लोणचं घातलेले बटाटे आणले होते, काझिक कुणीतरी आणलेल्या नव्या घमेल्याला नावं ठेवत होता. आईच्या वाफ्याभोवती मात्र हातभर जागा मोकळी होती. माझे बूट त्याच्या मधोमध पुरलेले होते, नाड्या व्यवस्थित बांधून.

“कोण उतरवणार?” ग्लेनिसने विचारलं. “म्हणजे, नियमाने ज्याची त्याने...”

“पोरगी तिचीच आहे,” काझिक म्हणाला. “चालून जाईल.”

“नाही,” मी म्हणाले. “उतरवीन मीच, पण तिची म्हणून नव्हे.”

मी बादलीजवळ गेले. दोन्ही हात बाजूंना लावले. प्लॅस्टिक कोमट होतं, आणि आत काहीतरी जड थांबलेलं होतं. आता ‘आले बरं का’ म्हणायचं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. सॉसेज करपायला लागले होते तरी ग्लेनिसचा चिमटा हलत नव्हता. मला वाटलं, काही न बोलता हात काढून घ्यावेत. एक बादली राहिली वर तर कुणाचं काय जातंय. दिलमायाच तर म्हणालीय, दुसरा वाफा निघेल. मी रोज येईन, दुपारी, कोणी नसताना.

“नॉर्मा गेली,” मी म्हणाले.

मला ऐकू आलं ते फार हळू होतं. म्हणून पुन्हा म्हणाले, फाटकापर्यंत जाईल असं. “माझी आई मेली आहे. ती परत येणार नाही. तुम्ही फार नीट बघितलंत. आता पाणी पुरे.”

आणि बादली उचलली.

उलट्या बादलीत पाणी होतं. ते खाली आलं तेव्हा माझ्या बाह्या, छाती, पोट भिजलं. गार, गाळाचा वास असलेलं, एका बादलीत मावणार नाही इतकं पाणी. ते वाफ्यावर पडलं पण जिरलं नाही. मातीवरून सरकत कडेला आलं, कड ओलांडून वाटेवर उतरलं, आणि उतारावरून फाटकाकडे चालू लागलं. धावलं नाही. चुऱ्यावरून, पायांमधून, आपल्या वेगाने. लोक बाजूला झाले. कोणी वडीलधारं माणूस निघालं की खुर्च्या सरकवून वाट देतात तशी सगळ्यांनी वाट दिली. दिलमायाने बाळाचे पाय वर उचलून धरले. काझिकने टोपी काढली.

ते फाटकाखालून रस्त्यावर गेलं आणि खाली नदीच्या बाजूला वळलं.

वाफ्यातली माती आमच्या डोळ्यांदेखत फिकी पडली. आधी कडा, मग मध्य. तिला भेगा गेल्या. टोमॅटोची पानं हळूहळू खाली आली. मी हातमोजे उपटले, मग बूट. सहज निघाले. आतून कोरडे होते.

“दिदी,” दिलमायाने मागून विचारलं. झारी तिच्या हातात होती, भरलेली. “हे मरतंय सगळं. मी घालू का पाणी?”

“वाफा आता तुझा आहे.”

“ते नंतर. आत्ता घालू?”

मी वाफ्याकडे बघितलं. ही माती मी पहिल्यांदाच कोरडी बघत होते. अंत्यविधीपासून मी हेच बघायचं टाळत होते.

“उद्यापासून घाल,” मी म्हणाले. “आज राहू दे तसाच.”

तिने झारी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. ग्लेनिस नाक ओढत ओरडली की सगळे सॉसेज करपलेत आणि आता करपलेलेच खावे लागतील. माझे दात वाजायला लागले. काझिकने त्याचा कोट पुढे केला. अंगावर घातला नाही, नुसता पुढे केला. मी तो घेतला आणि माझा मीच घातला.